गाडीचा अलार्म विनाकारण वाजतो? रेडिओ व्यत्ययाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांच्या अलार्मचं काम आणि हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, अशा दोन्ही गोष्टींत माझा हात असल्यामुळे या विषयावर मला दोन्हीकडून विचारणा होते. गाडीवाले म्हणतात, कुणीतरी रेडिओ लावून आमचा अलार्म वाजवतंय. रेडिओवाले म्हणतात, आम्ही बोलायला लागलो की शेजाऱ्याची गाडी बोंबलते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. रेडिओ लहरींमुळे गाडीचा अलार्म खरंच वाजतो का?

वाजतो. जवळून जोरदार रेडिओ प्रक्षेपण झालं तर अलार्मच्या सेन्सरला किंवा त्याच्या वायरीला खोटा इशारा मिळू शकतो आणि सायरन सुरू होतो. तरी माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ रेडिओत नव्हतं. ते बॉनेटच्या स्विचमध्ये, बॅटरीत किंवा अर्धवट उघड्या राहिलेल्या काचेत सापडलं. म्हणून रेडिओवर बोट ठेवण्याआधी प्रश्न ३ आणि ५ वाचा.

२. माझ्या रिमोटच्याच फ्रिक्वेन्सीवर कुणी काही सोडलं, म्हणून अलार्म वाजला असेल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि गैरसमजही इथेच जास्त आहे. गाड्यांचे रिमोट जगात बऱ्याच ठिकाणी ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये मुख्यतः ३१५ मेगाहर्ट्झवर, आणि युरोपातल्या काही गाड्यांत ८६८ मेगाहर्ट्झवर. या पट्ट्यांत दारावरच्या बिनतारी घंटा, हवामान मोजणारी घरगुती यंत्रं आणि टायरमधल्या हवेचा दाब कळवणारे सेन्सरही असतात. गर्दी आहे, हे खरं.

पण गाडीतला रिसीव्हर नुसती लहर आली म्हणून काही करत नाही. त्याला ठरावीक रचनेचा सांकेतिक संदेश लागतो. दर वेळी बदलणारा कोड, म्हणजे रोलिंग कोड, असलेल्या रिमोटमध्ये हा संदेश आपोआप जुळून येण्याची शक्यता नसल्यातच जमा आहे. कीलॉक या जुन्या, प्रसिद्ध पद्धतीत बटणाच्या एका दाबाला ६६ बिटांचा संदेश जातो आणि त्यातले ३२ बिट दर दाबाला बदलतात. गोंगाटातून असा संदेश तयार होत नाही.

त्यामुळे त्याच फ्रिक्वेन्सीवरचा गोंगाट अलार्म वाजवत नाही, तो रिमोटचा आवाज दाबून टाकतो. तुम्ही बटण दाबता आणि गाडी ऐकतच नाही. ही तक्रार वेगळी आहे. तिचं उत्तर प्रश्न ९ मध्ये आहे. अपवाद म्हणजे कायम एकच कोड पाठवणारे जुने, साधे रिमोट. त्यांत एकाच्या रिमोटने दुसऱ्याचा अलार्म चालू-बंद होऊ शकतो. आणि खिशात दाबलं गेलेलं पॅनिक बटण विसरू नका. किल्ल्यांच्या जुडग्यात रिमोट असेल तर हे फार वेळा घडतं.

३. रेडिओ नसेल तर मग काय? आधी काय बघू?

आधी बॉनेटखालचा स्विच बघा. पाणी आणि धूळ बसून तो मधूनच संपर्क सोडतो आणि अलार्मला वाटतं की बॉनेट उघडलं. दारांच्या लॉकमधले बारीक स्विचही असेच झिजतात.

मग बॅटरी. काही अलार्म गाडीतला विजेचा दाब अचानक उतरला की दार उघडून आतला दिवा लागला, असं समजतात. इंजिन बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा स्वतःहून चालू झाला, तरी दाब तसाच उतरतो. गाडी लावल्यावर काही मिनिटांतच अलार्म वाजत असेल तर माझा पहिला संशय यावरच असतो. ज्या सायरनमध्ये स्वतःची छोटी रिचार्जेबल बॅटरी असते, तो मुख्य वीज तुटली किंवा फार घसरली की चोराने वायर कापली असं समजून ओरडतो. ही आतली बॅटरी म्हातारी झाली की सायरन विचित्र वेळी, बहुधा पहाटे, वाजतो. गाडीची बॅटरीही थंडीत पहाटेच सर्वांत अशक्त असते.

काच थोडी उघडी, आरशाला लटकवलेली वस्तू, डॅशबोर्डवर ठेवलेला फुगा किंवा कागद, आत अडकलेला किडा: गाडीच्या आतली हालचाल ऐकू न येणाऱ्या आवाजाने टिपणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरला यांतलं काहीही पुरतं.

४. वायरीला रेडिओ कसा 'ऐकू' येतो? ती काही अँटेना नाही.

इथेच सगळी मेख आहे. कुठलीही वायर रेडिओसाठी अँटेना असते. लांबी जुळली की ती चांगली अँटेना होते. पाव तरंगलांबीचा हिशेब करून पाहा. १४५ मेगाहर्ट्झला ती साधारण अर्धा मीटर येते, ४३३ मेगाहर्ट्झला सुमारे १७ सेंटिमीटर आणि २७ मेगाहर्ट्झला पावणेतीन मीटरच्या आसपास. छतातल्या सेन्सरपासून डॅशबोर्डमागच्या पेटीपर्यंतची वायर, बॉनेटच्या स्विचकडे जाणारी वायर, मागे डिकीपर्यंत गेलेली वायर यांच्या लांब्या याच पल्ल्यात पडतात. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, पण घडतं तसंच.

आता वायरीवर रेडिओचा विद्युतदाब आला. सेकंदाला कोट्यवधी वेळा इकडून तिकडे हलणारा हा दाब सेन्सरच्या संथ सर्किटला खरं तर कळायला नको. पण त्या सर्किटच्या तोंडाशी ट्रान्झिस्टर किंवा आयसी असते, आणि सिलिकॉनच्या प्रत्येक सांध्याला एकाच दिशेने वीज वाहू देण्याची सवय असते. तो सांधा त्या वेगवान दाबाचं डायोडसारखं एकदिशीकरण करतो. उरतो तो एक छोटा, सरळ, हळू बदलणारा दाब. त्यापुढे अॅम्प्लिफायर बसलेला असतो तो काचेवरची हलकीशी टिचकी किंवा आतली किंचित हालचाल पकडायला. त्याच्या दृष्टीने हा दाब म्हणजे टिचकीच.

म्हणूनच दोष फ्रिक्वेन्सी 'जुळण्याचा' नसतो. १४५ मेगाहर्ट्झवर बोलणारा माणूस ४३३ वर चालणाऱ्या रिमोटचा अलार्म वाजवू शकतो, कारण त्याचा सिग्नल रिमोटच्या रिसीव्हरमधून आलेलाच नसतो. तो सेन्सरच्या मागच्या दाराने आत शिरलेला असतो.

५. रेडिओच कारणीभूत आहे, हे पक्कं कसं करायचं?

वही ठेवा. अलार्म कधी वाजला, किती वेळ वाजला, गाडी कुठे होती, हवा कशी होती. युरोपीय पद्धतीच्या नियमांत एका इशाऱ्याला सायरन २५ ते ३० सेकंद वाजून थांबावा लागतो. तो पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर प्रत्येक वेळी काहीतरी नवं घडतंय, एवढं त्यावरून कळतं.

मग अलार्मलाच विचारा. बऱ्याच अलार्ममध्ये शेवटचा इशारा कोणत्या भागातून आला हे लाल एलईडीच्या लुकलुकण्यावरून किंवा स्कॅनर लावून कळतं. माहितीपुस्तिकेतलं ते पान शोधा. महिनाभराच्या तर्कापेक्षा ते पान जास्त सांगतं. ही सोय नसेल तर एकेक सेन्सर काढून एकेक रात्र बघा.

शेवटची परीक्षा सर्वांत खात्रीची आहे. रेडिओमुळे होणारी गोष्ट मागितली की पुन्हा होते. जवळचा रेडिओवाला तयार असेल तर गाडी लॉक करा, अलार्म पूर्ण जागा होऊ द्या, आणि त्याला ठरलेल्या खुणेवर दहा वेळा रेडिओचं बोलायचं बटण दाबायला सांगा. मधली अंतरं मुद्दाम कमी-जास्त ठेवा. दहापैकी नऊ वेळा सायरन वाजला तर वाद संपला. एकदाच वाजला तर तो योगायोग धरा आणि प्रश्न ३ कडे परत जा.

६. माझ्याच गाडीत रेडिओ बसवलाय. बोलायचं बटण दाबलं की इंडिकेटर लुकलुकतात किंवा सायरन वाजतो. काय करू?

इथे अंतरच नसतं, म्हणून ही तक्रार मी सर्वांत गांभीर्याने घेतो. अँटेना शक्यतो छताच्या मधोमध घ्या. तिथे तिला खाली सलग पत्रा मिळतो आणि वायरींच्या गठ्ठ्यापासून ती लांब राहते. रेडिओची वीज जाड वायरीने, फ्यूज लावून, थेट बॅटरीतून घ्या. अलार्मच्या फ्यूजवरून कधीही घेऊ नका. रेडिओपासून अँटेनेकडे जाणाऱ्या कोॲक्सियल केबलचं टोक नीट जोडलेलं नसेल तर केबलचं बाहेरचं आवरणच प्रक्षेपण करू लागतं. ती केबल अलार्मच्या पेटीशेजारून गेली असेल तर मग नवल नाही. केबलवर अँटेनेच्या टोकाशी फेराइट, म्हणजे वायरीवरून येणारा रेडिओ अडवणारा चुंबकीय तुकडा, लावा.

तेवढ्याने भागलं नाही तर प्रश्न ११.

७. किती वॅटचा रेडिओ किती लांबून त्रास देऊ शकतो?

साध्या द्विध्रुव (डायपोल) अँटेनेसाठी एक सोपं सूत्र आहे: वॅटचं वर्गमूळ घ्या, त्याला ७ ने गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा. उत्तर म्हणजे तिथल्या रेडिओ क्षेत्राची तीव्रता, ती व्होल्ट प्रति मीटरमध्ये येते. हातातल्या ५ वॅटच्या वॉकी-टॉकीचं एका मीटरवर सुमारे १६ येतं, पाच मीटरवर ३. गाडीतल्या ५० वॅटच्या रेडिओचं एका मीटरवर जवळपास ५०, तीन मीटरवर पुन्हा १६-१७. म्हणजे खिडकीशी टेकून धरलेला छोटा वॉकी-टॉकी आणि शेजारच्या जागेत उभी असलेली मोठ्या रेडिओची गाडी, दोन्ही सारख्याच ठरू शकतात.

अंतर दुप्पट झालं की तीव्रता निम्मी होते. शक्ती मात्र चौपट करावी लागते तेव्हा तीव्रता दुप्पट होते. म्हणून रेडिओवाल्याला 'वॅट कमी कर' असं सांगण्यापेक्षा गाडी चार पावलं पुढे लावणं जास्त गुणकारी असतं. दिशा असलेल्या अँटेनेचा किंवा अगदी जवळच्या, अर्ध्या मीटरच्या आतल्या अंतराचा हिशेब या सूत्राने करू नका.

८. मोबाईल फोन किंवा घराजवळचा टॉवर?

जुन्या टूजी फोनचा उपद्रव खरा होता. ९०० मेगाहर्ट्झवर तो २ वॅटपर्यंत जात असे आणि सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांनी प्रक्षेपण करत असे. स्पीकरमध्ये येणारा तो 'टर्र टर्र' आवाज अनेकांना आठवत असेल. असे झटके एकदिशीकरणाला (प्रश्न ४) फार सोयीचे. फोरजी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट असते, त्यामुळे अलार्मच्या पेटीला चिकटून फोन ठेवल्याशिवाय सहसा काही होत नाही.

मोबाईल टॉवरचा झोत आडवा आणि लांब जातो. पायथ्याशी उभ्या गाडीला त्याचा थोडाच भाग मिळतो. रेडिओ-टीव्हीचे प्रक्षेपण मनोरे मात्र किलोवॅटमध्ये मोजायचे असतात. त्यांच्याजवळ अलार्म वाजत असेल, तर तो तिथे लावलेल्या इतरही गाड्यांचा वाजतो का, हे विचारून घ्या.

९. एका ठरावीक जागीच रिमोट चालत नाही. किल्लीने दार उघडलं तर उलट सायरन वाजतो. हे कसं?

ही खोट्या अलार्मची खरी रेडिओ-कथा. त्या जागी रिमोटच्या फ्रिक्वेन्सीवर काहीतरी सतत बडबडतंय. कुणाच्या ड्रॉवरमध्ये बटण अडकलेला रिमोट असेल, बिघडलेली बिनतारी घंटा असेल, घरी बनवलेलं उपकरण असेल. २०१९ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात एका वस्तीतल्या गाड्यांचे रिमोट आणि गॅरेजची दारं आठवडेच्या आठवडे चालेनात. शोध घेतल्यावर एका घरातलं ३१५ मेगाहर्ट्झवर सतत चालणारं घरगुती उपकरण निघालं. बनवणाऱ्याच्या मनात कुणाला त्रास द्यायचं नव्हतं. त्याला कल्पनाच नव्हती.

आता सायरनचं. अलार्म रिमोटने चालू केलेला असतो आणि तो रिमोटनेच बंद व्हावा, अशी त्याची अपेक्षा असते. तुम्ही नुसत्या किल्लीने दार उघडलंत की त्याला ती घुसखोरी वाटते. घाबरू नका. आत बसा, किल्ली इग्निशनमध्ये घालून फिरवा. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर रिमोट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागेला टेकवा. तिथली ओळखपरेड १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, काही सेंटिमीटरवर होते, त्यामुळे ४३३ वरच्या गोंगाटाचा तिला काही फरक पडत नाही. बहुतेक गाड्या किल्ली ओळखताच सायरन थांबवतात.

स्रोत शोधायचा असेल तर स्वस्तातला एसडीआर, म्हणजे संगणकावर फ्रिक्वेन्सीचा पट्टा दाखवणारा, रिसीव्हर लॅपटॉपला लावून त्या पट्ट्याकडे बघत हळूहळू चाला. सतत उभी राहिलेली रेघ हा तुमचा गुन्हेगार. आधी मात्र रिमोटची बॅटरी बदलून बघा, आणि दुसऱ्या एखाद्या गाडीचा रिमोट त्याच जागी चालतो का, तेही बघा.

१०. सेन्सरची संवेदनशीलता कमी केली तर भागेल ना?

कधी भागतं. धक्का ओळखणारा सेन्सर अनेकदा बसवतानाच गरजेपेक्षा कडक ठेवलेला असतो, आणि तो दोन घर सैल केला तर काही बिघडत नाही. पण रेडिओचा इशारा खऱ्या धक्क्यापेक्षा मोठा येत असेल, तर तो थांबेपर्यंत कमी करत गेलात की काच फुटली तरी अलार्म गप्प बसेल. मुठीने काचेच्या कडेवर हलके ठोकून बघा; तेवढ्यालाही तो जागा होत नसेल तर तुम्ही फार खाली आलात. वायर नीट करा, सेन्सर बहिरा करू नका.

११. फेराइट लावा म्हणतात. नेमकं कुठे आणि कसं?

उघडमीट होणारे क्लिपचे फेराइट मिळतात. वायर न कापता बसतात. जागा महत्त्वाची: वायर अलार्मच्या पेटीत किंवा सेन्सरमध्ये शिरते, तिथून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत. मध्येच कुठेतरी लावलेला फेराइट पुढची उरलेली वायर उघडीच सोडतो. वायर लांब असेल तर तिचे तीन-चार फेरे त्याच फेराइटमधून घ्या. कमी फ्रिक्वेन्सीला परिणाम फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीन फेऱ्यांना नऊपट. फेराइटच्या मिश्रणालाही क्रमांक असतात: शॉर्टवेव्हसाठी ३१, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास ४३, त्याच्या वर ६१ हे धोरण ठीक चालतं.

सेन्सरची वायर आणि तिची अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली, वायर एकमेकींत पिळून घ्या. सेन्सरच्या तोंडाशी सिग्नल आणि अर्थ यांच्यामध्ये १ नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर, अगदी आखूड पायांनी, बराच फरक करतो. पण हा कपॅसिटर कॅन बसच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या, वायरींवर लावू नका, तिथले संदेशच बिघडतील. आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात; त्यांना हातही लावू नका.

अर्थचा बोल्ट गंजलेला असेल तर फेराइटची माळ घालूनही फायदा होत नाही. तो आधी घासा.

१२. एफएम रेडिओवर बोललो तर फक्त सुरुवातीला आणि शेवटी वाजतो. एसएसबीवर (सिंगल साइडबँड, हॅमची बोलण्याची दुसरी पद्धत) बोललो तर शब्दागणिक. असं का?

फार चांगलं निरीक्षण, आणि निदानाला उपयोगी. हालचाल किंवा धक्का ओळखणारे सेन्सर बदलाला प्रतिसाद देतात, स्थिर दाबाला नाही. एफएममध्ये लहरीची उंची बोलताना सारखीच राहते, त्यामुळे बदल दोनदाच होतो: बटण दाबताना आणि सोडताना. एसएसबी आणि एएममध्ये उंची आवाजाबरोबर हलते, म्हणून प्रत्येक शब्द सेन्सरला धक्क्यासारखा लागतो. तुमची तक्रार अशी असेल तर दोषी सेन्सरच आहे, दाराचा स्विच नाही, हे जवळजवळ ठरलं.

१३. कंपनीतून आलेल्या अलार्मला हा त्रास कमी असतो का?

सर्वसाधारणपणे हो. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांसाठीचा नियम क्रमांक १० पाळणाऱ्या गाड्यांची २० ते २,००० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण ३० व्होल्ट प्रति मीटरपर्यंतच्या क्षेत्रात चाचणी होते. चोरीविरोधी अलार्म चुकून वाजणं हे रस्त्यावरच्या इतरांना गोंधळात टाकणारं म्हणून त्या नियमात धरलेलं आहे. प्रश्न ७ मधले आकडे याच्याशेजारी ठेवून बघा, म्हणजे ५० वॅटचा रेडिओ एका मीटरवर असला की चांगली गाडीही सीमेबाहेर जाते, हे कळेल.

नंतर बसवलेल्या अलार्मची पेटी चांगली असली तरी वायरी कशा नेल्या यावर सगळं ठरतं. जास्तीची वायर गुंडाळून डॅशबोर्डमागे कोंबलेली मी खूप पाहिली आहे. ती कापून जोडा.

१४. शेजारी हॅम आहे. त्याने प्रक्षेपण बंद करायला हवं ना?

दोघांच्याही बाजूचा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. परवानाधारक माणूस त्याला दिलेल्या पट्ट्यात, दिलेल्या मर्यादेत बोलत असेल आणि तुमच्या अलार्मची वायर ते पकडत असेल, तर दुरुस्ती अलार्मची करावी लागते. रिमोटसारखी विनापरवाना, अल्पशक्तीची उपकरणं बहुतेक देशांत एका अटीवर चालतात: दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि आलेला त्रास सोसायचा. ४३३.९२ मेगाहर्ट्झ हे तर जगातल्या मोठ्या भागात हॅमच्या ४३० ते ४४० मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या आतच पडतं.

तरीही त्याच्याकडे जा. चांगला हॅम तुमच्याबरोबर प्रश्न ५ मधली परीक्षा करेल, स्वतःच्या पेटीतले फेराइट देईल, वेळही बदलून घेईल. तक्रारअर्जाआधी दार वाजवलं तर काम लवकर होतं.

१५. डॅशकॅम, एलईडी दिवे किंवा चार्जर लावल्यापासून सुरू झालं.

स्वस्त चार्जर आणि एलईडीच्या आत विजेचा दाब बदलणारं स्विचिंग सर्किट असतं. ते रुंद पट्ट्यात गोंगाट करतं आणि रिमोटचा पल्ला कमी करतं. नवी वस्तू उपटून ठेवा, रिमोट पुन्हा लांबून चालतो का बघा. डॅशकॅम रात्रभर पार्किंग मोडवर चालत असेल तर दोष बॅटरी उतरण्याचा, म्हणजे प्रश्न ३ चा.

१६. वीज कडाडली की वाजतो.

बहुतेक वेळा गडगडाटाने काच थरथरते आणि धक्क्याचा सेन्सर जागा होतो. वीज दिसते त्याच क्षणी, आवाज यायच्या आधी वाजला, तर मात्र विद्युतचुंबकीय झटका. दोन्हींतलं अंतर मोजा.

१७. चोर मुद्दाम असं करू शकतात का?

करतात, आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तुम्ही रिमोट दाबताना सिग्नल दडपला गेला तर गाडी लॉकच होत नाही. लॉक झाल्याचा आवाज आणि इंडिकेटरची उघडझाप बघितल्याशिवाय निघू नका. दाराची मूठ ओढून बघा. दुसरी, एकाच रात्री तीन-चारदा सायरन वाजवून मालकाला वैताग आणायचा, तो अलार्म बंद करून झोपला की मग यायचं. म्हणून वारंवार वाजत असेल त्या रात्री अलार्म बंद करू नका. गाडी उजेडात किंवा दुसरीकडे लावा, आणि नुसता आतला सेन्सर तात्पुरता बंद करायची सोय असेल तर तेवढीच वापरा. दारं आणि बॉनेट पहाऱ्यावर राहू द्या.

१८. अलार्म नाही वाजत, पण गाडी कधीकधी किल्लीच ओळखत नाही. हाही व्यत्ययच का?

असू शकतो, पण शोध गाडीबाहेर नको, किल्लीच्या कडीतच घ्या. एकाच कडीत दोन गाड्यांच्या चिप असलेल्या किल्ल्या असतील तर गाडीतल्या, १२५ किलोहर्ट्झवर चिप वाचणाऱ्या यंत्रासमोर दोन्ही एकदम उत्तर देतात आणि त्याला एकही नीट वाचता येत नाही. इग्निशनजवळच्या चार्जरचा गोंगाटही त्याच पट्ट्यात पोचतो. किल्ल्या वेगळ्या करा, चार्जर काढा, मग पुन्हा लावून बघा.